वापरलेली सुई कुणाला टोचते?

रात्री अडीचच्या सुमाराला पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डातून मावशी कचऱ्याची लाल पिशवी बाहेर काढत होत्या. पिशवी जड होती. चालताना पोटरीला घासली आणि काहीतरी टोचलं. मावशींनी व्हरांड्यातल्या नळाखाली पाय धरला, पदराने पुसला आणि त्या पुढच्या वॉर्डात गेल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी दुपारी, पोटरी ठणकतेय म्हणून त्या गोळी मागायला आल्या तेव्हा. तोवर साठ तास उलटले होते.

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारी नर्स आहे. हा लेख त्या साठ तासांपायी लिहितेय. रुग्णालयात काम करणाऱ्यांना रुग्णांचे आजार लागतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते नेमके कसे लागतात, कुणाला जास्त लागतात आणि त्यातले कितीतरी कसे टाळता येतात, हे मात्र कुणी सोपं करून सांगत नाही. वॉर्डात राबणाऱ्या माणसांनाही नाही आणि त्यांच्या घरच्यांनाही नाही.

सुईपासूनच सुरुवात करते, कारण भीती सगळ्यात जास्त तिचीच असते आणि गैरसमजही तिच्याबद्दलच.

सुई टोचली की प्रत्येकाच्या मनात पहिलं नाव येतं एचआयव्हीचं. समजा, एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या रक्ताने भरलेल्या सुया हजार जणांना टोचल्या आणि कुणीच काही उपचार घेतले नाहीत, तर साधारण तिघांना लागण होईल. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या बाबतीत हा आकडा पूर्वी वीस-तीस धरला जायचा. अलीकडच्या अभ्यासांत तो बराच कमी दिसतो. आणि हिपॅटायटिस बी? लस न घेतलेल्या हजार जणांना अशा सुया टोचल्या आणि रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असेल, तर तीनशे जणांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या शंभरपट. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. ट्रेच्या कडेला राहिलेला, डोळ्याला न दिसणारा रक्ताचा डाग आणि हातावरची भेग, एवढं त्याला पुरतं.

म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचा धोका अगदी थोडा, आणि ज्याचा धोका सगळ्यात जास्त त्याची फारशी कुणाला धास्तीच नाही. गंमत बाजूला ठेवून सांगते, हिपॅटायटिस बीवर उत्तम लस आहे. तीन डोस: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. निरोगी प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना तिने संरक्षण मिळतं. पण मिळालं की नाही, हे तपासावं लागतं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजणारी एक तपासणी होते, तिला आम्ही ‘टायटर’ म्हणतो. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की झालं. कमी आला तर डोस पुन्हा घ्यायचे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पहिला डोस भरतीच्या वेळी मिळतो, दुसरा कधीतरी आठवणीने, तिसरा ड्युटी बदलली म्हणून राहतो आणि टायटर कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या घरात कुणी रुग्णालयात कामाला असेल, कुठल्याही पदावर असेल, तर आज संध्याकाळी एवढं विचारा: ‘तुझं टायटर किती आलं होतं?’

हिपॅटायटिस सीवर लस नाही. मात्र आता तो बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत मिळतात. वेळेवर कळणं मात्र हवं.

आता सुई टोचल्यावर करायचं काय? जागा वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुवायची. बस्स. पिळायची नाही, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. पिळल्याने आणि तिखट रसायनांनी आतल्या पेशींना इजाच होते, विषाणू बाहेर येत नाही. डोळ्यात रक्त उडालं असेल तर डोळा उघडा ठेवून साध्या पाण्याने किंवा सलाइनने धुवायचा.

यानंतरचं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड असतं. सांगायचं. लगेच, त्याच पाळीत. एचआयव्हीला रोखणारी औषधं टोचल्यापासून शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होईल असं धरत नाहीत. आमच्या भाषेत याला पीईपी म्हणतात. २८ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. दोन तास का? विषाणू शरीरात शिरला की लगेच सगळीकडे पसरत नाही. सुरुवातीला तो टोचलेल्या जागेजवळच्या मोजक्या पेशींत असतो आणि तिथून जवळच्या लसिका गाठींकडे (लिम्फ नोड) सरकतो. तो रक्तात पसरून ठाण मांडण्याआधीच त्याची वाढ थांबवायची, एवढाच या औषधांचा हिशेब आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेव्हाच्या एकाच औषधाने लागणीचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं होतं. आजची औषधं त्याहून चांगली आहेत आणि त्रासही कमी देतात. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर त्याच वेळी लसीचा डोस आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात, शक्यतो २४ तासांच्या आत.

मग माणसं सांगत का नाहीत? मी वर्षानुवर्षं हे ऐकत आलेय. नवशिक्या नर्सला वाटतं, इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर ओरडतील. रेसिडेंट डॉक्टरला सलग दोन दिवस झोप नसते आणि पुढची केस टेबलावर असते. मावशींना वाटतं, कंत्राटदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. आणि प्रत्येकाला वाटतं, एचआयव्हीची तपासणी करून घेतली हे कळलं तर लोक काय म्हणतील. घरी नवऱ्याला काय सांगायचं? ही भीती खोटी नाही. म्हणून ‘तुम्ही आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न मी विचारायचं सोडून दिलंय. त्याने पुढच्या माणसाचं तोंड आणखी घट्ट मिटतं.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. सुई वापरणाराच्या हातून रुग्णाच्या शरीरात गेली, तिथे इजा होण्याचा संभव असतोच. रुग्ण हात झटकतो, शीर सापडत नाही. पण खूपशा इजा होतात त्या नंतर: सुई बाहेर आल्यापासून ती नष्ट होईपर्यंतच्या प्रवासात. दोन्ही हातांनी टोपण परत बसवताना. ट्रेमध्ये कापसाखाली राहिलेली सुई उचलताना. ‘नंतर टाकते’ म्हणून गादीत खुपसून ठेवलेली सुई चादर बदलताना. आणि चुकीच्या पिशवीत गेलेली सुई ती पिशवी उचलताना. या प्रवासाच्या शेवटी जो माणूस उभा असतो, त्याने सुई पाहिलेलीही नसते. ती कुठल्या रुग्णाची, हे त्याला कधीच कळणार नसतं. त्याच्या हातात मोजे असले तर घरगुती रबराचे, आणि लस बहुतेक वेळा नसतेच.

नियम स्पष्ट आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया, ब्लेड असं सगळं टोकदार सामान पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हवं. लाल पिशवी सलाइनच्या नळ्या, बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंजसारख्या प्लास्टिकसाठी. याच नियमांत असंही आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करायची. ‘प्रत्येकाला’ यात कंत्राटी मावशी आणि मामाही आले. पांढरा डबा खाटेपासून वीस पावलं लांब ठेवला तर सुई वाटेत कुठेतरी थांबणार. तो हाताशी ठेवला आणि तीन चतुर्थांश भरल्यावर बदलला, तर निम्मं काम होतं. माझ्या अनुभवात उपदेशाच्या दहा व्याख्यानांपेक्षा डबा ट्रॉलीला बांधल्याने जास्त फरक पडला.

रक्ताची ही गोष्ट विषाणूंची नावं कळायच्या कितीतरी आधीपासूनची आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नात याकोब कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन करत असताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ते दगावले. त्यांचे मित्र डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि त्यांना धक्का बसला. बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात जे दिसायचं, तेच इथे होतं. प्रेतांवर काम करून आलेले डॉक्टरांचे हातच आजार पसरवतात, हे त्यातून त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. आज जगभर हात धुवायला शिकवतात, त्याच्या मुळाशी एका रुग्णालय कर्मचाऱ्याला कामावर झालेली इजा आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. चीनमधल्या ज्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले, त्याला डॉ. नॉर्मन बेथून यांचं नाव होतं. हे कॅनडाचे शल्यविशारद आघाडीवर जखमी सैनिकांची ऑपरेशनं करायचे. ऑक्टोबर १९३९ मध्ये हातमोजे न घालता ऑपरेशन करताना त्यांचं बोट कापलं, जखमेत संसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. पेनिसिलिन अजून औषध म्हणून वापरात यायचं होतं. शाळेत कोटणीसांचा धडा शिकवताना हे कापलेलं बोटही सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

आता हवेची वाट.

क्षयरोगाचा म्हणजे टीबीचा रुग्ण खोकला की मोठे थेंब खाली पडतात, पण अगदी बारीक कण हवेतच वाळून तरंगत राहतात. एक ते पाच मायक्रॉनचे. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी हे कण तासन्‌तास हवेत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. म्हणून इथे ‘रुग्णापासून लांब उभे राहा’ हा सल्ला अपुरा पडतो. खोलीतली हवा किती वेळा बदलते, यावर सगळं ठरतं.

तासाला बारा वेळा हवा बदलत असेल तर खोलीतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटं लागतात. दोनदाच बदलत असेल तर १३८ मिनिटं. दारं-खिडक्या लावून एसी चालू असलेल्या ओपीडीच्या छोट्या केबिनमध्ये बहुतेक एसी आतलीच हवा गार करून परत सोडत असतो. सकाळी नऊला खोकून गेलेल्या रुग्णाचे कण साडेदहाच्या रुग्णाला, डॉक्टरला आणि दाराशी केसपेपर देणाऱ्या मामांना भेटतात. पेरूतल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांमध्ये याचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या सताड उघडल्यावर तिथे तासाला सरासरी २८ वेळा हवा बदलत होती. सगळ्यात चांगली हवा खेळायची ती १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत. आपल्याकडच्या जुन्या दगडी रुग्णालयांचे व्हरांडे आणि उंच वॉर्ड आठवा. डागडुजीच्या नावाखाली तिथे अॅल्युमिनियमची पार्टिशनं घालून केबिन करतात, खालती फॉल्स सीलिंग लावतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. त्या खिडक्या म्हणजे औषध होतं.

मास्कबद्दलही गोंधळ आहे. निळा-हिरवा सर्जिकल मास्क चेहऱ्यावर सैल बसतो. तो घालणाऱ्याच्या तोंडातून उडणारे थेंब अडवायला चांगला, म्हणून तो खोकणाऱ्या रुग्णाला द्यायचा. बारीक कण कडेच्या फटीतून आत येतात, ते त्याला अडवता येत नाहीत. कर्मचाऱ्याला हवा एन-९५, जो चेहऱ्याला घट्ट चिकटतो आणि आतली-बाहेरची हवा गाळूनच जाऊ देतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. मी अनेक वॉर्डांत याच्या उलट पाहिलंय: रुग्ण उघड्या तोंडाने खोकतोय आणि सिस्टर दोन सर्जिकल मास्क एकावर एक घालून इंजेक्शन देतेय.

गंमत वाटावी अशी एक गोष्ट इथे आहे, पण ती गंभीर आहे. ज्याला टीबी आहे हे कळलंय आणि ज्याला लागू पडणारी औषधं सुरू झालीत, त्याची संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने कमी होते. लोक नेमके त्याच्यापासून लांब पळतात. धोका असतो ‘साधा खोकला आहे’ म्हणून जनरल वॉर्डात दहा दिवस पडलेल्या रुग्णाकडून, किंवा ज्याचा टीबी औषधांना दाद देत नाही आणि ते अजून कुणाला कळलेलं नाही, त्याच्याकडून. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी मोठ्या प्रमाणावर आहे, आणि शिवडीच्या टीबी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाच टीबी झाल्याच्या, त्यात काही दगावल्याच्या बातम्या मुंबईकरांनी अनेकदा वाचल्या आहेत. संसर्ग झालेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही. साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी होतो. पण मधुमेह, कुपोषण, सततच्या नाइट ड्युट्या करून खंगलेलं शरीर असेल तर पारडं आजाराकडे झुकतं. दोन आठवडे खोकला असलेल्या सिस्टरने कफ सिरप पीत ड्युटी करत राहणं, हे तिच्यासाठी आणि तिच्या रुग्णांसाठीही वाईट.

हातांची वाट थोडक्यात सांगते. जुलाब, डोळे येणं यासाठी ती पुरते; साबण-पाणी, पुरेसे नळ आणि हात पुसायला कोरडं काही, एवढं मिळालं तर ही वाट बरीचशी बंद होते. नळ कोपऱ्यात एकच आणि त्यालाही धार नाही, अशा वॉर्डात हात धुण्याची पोस्टर्स लावून काही होत नाही.

सगळ्यात भयंकर असतो तो आजार, ज्याचं नाव अजून कुणाला माहीत नसतं. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत अनोळखी ताप पसरला. ६६ जणांना लागण झाली, ४५ दगावले. यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक रुग्णालयाचे कर्मचारी होते किंवा रुग्णांना भेटायला आलेले होते. तो निपा विषाणूचा ताप होता, हे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून कळलं. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादेत एका महिलेवर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका दोघेही तिच्या मागोमाग गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं: गोचिडांमधून माणसात येणारा क्रायमियन-काँगो ताप. मे २०१८ मध्ये केरळात पेरांब्राच्या सिस्टर लिनी निपाच्या रुग्णाची सेवा करताना गेल्या. आणि कोरोनात, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी मृत्युमुखी पडले.

या प्रत्येक वेळी निदान उशिरा आलं. हात मात्र आधीच रक्तात, घामात, उलटीत होते. म्हणून रुग्णालयाचा पायाभूत नियम असा आहे की आजाराचं नाव पाहून काळजी घ्यायची नाही. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच हात घालायचा. ‘हा एचआयव्हीचा आहे, मोजे घाला’ असं ओरडणाऱ्याला दोन चुका एकदम होतात: त्या रुग्णाचा अपमान होतो, आणि बाकीच्यांचं रक्त सुरक्षित आहे असा खोटा दिलासा वॉर्डाला मिळतो.

एक गोष्ट कर्मचाऱ्यांना जवळजवळ कुणीच सांगत नाही. कामावर लागलेला संसर्ग हा आपल्या कायद्यात व्यावसायिक आजार आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, आरोग्यसेवेत आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागणारे संसर्गजन्य आजार अगदी पहिल्याच नोंदीत होते, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते ठेवले आहेत. असा आजार झाला तर तो कामावरचा अपघात धरला जातो. तसंच, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने जिथे लागणीचा धोका आहे अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना संरक्षक साहित्य, प्रशिक्षण आणि पीईपी देणं संस्थेवर बंधनकारक केलंय. पण ‘हे कामावरच झालं’ हे दाखवायला कागद लागतो. सुई टोचल्याची तारीख, वेळ, वॉर्ड, कशाने टोचलं, त्या दिवशी काढलेल्या रक्ताचा अहवाल. त्या दिवशीचा अहवाल निगेटिव्ह आणि सहा महिन्यांनंतरचा पॉझिटिव्ह, हे दोन कागद शेजारी ठेवले तर कुणी वाद घालू शकत नाही. पहिला कागदच नसेल तर माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवायला लोक मोकळे.

मावशींना आम्ही त्याच दुपारी, बासष्टाव्या तासाला, गोळ्या सुरू केल्या. सुई कुठल्या रुग्णाची हे कळायला मार्ग नव्हता. हिपॅटायटिस बीची लस त्यांना आठ वर्षांच्या नोकरीत कधीच मिळाली नव्हती. पहिला डोस तेव्हा दिला. पहिले आठ दिवस मळमळत होतं, तरी त्यांनी अठ्ठावीस दिवस एकही गोळी चुकवली नाही. घरी त्यांनी ‘पायाला जखम झालीय, त्याच्या गोळ्या’ असं सांगितलं. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी रक्त तपासलं. तिन्ही वेळा निगेटिव्ह.

नोंदवहीत त्यांचं नाव लिहायला गेले तेव्हा ‘कर्मचारी क्रमांक’ हा रकाना होता आणि मावशींना क्रमांकच नव्हता. कारकुनांनी सांगितलं, मग यात लिहू नका, कंत्राटदाराला कळवा. मी रकान्यात ‘कंत्राटी’ असं लिहिलं, पुढे नाव, वेळ, वॉर्ड आणि ‘लाल पिशवीतील सुई, डावी पोटरी’. मावशींनी वही आपल्याकडे वळवून घेतली, आपलं नाव बोटाने शोधलं आणि त्याच्या पुढे सही केली.